मदत हवी आहे: संगणकाला ‘कऱ्हाड’ सापडत नाही (आणि वहीतल्या बाकीच्या सूचना)

काउंटरवाला, सांगली

नमस्कार मंडळी,

गावभागात आमचं झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सोसायट्यांचे अहवाल, पत्रिकांचा मजकूर, ऑनलाइन फॉर्म, येईल ते काम. दोन संगणक आहेत. एकावर घरोघरी असते ती सिस्टीम, दुसऱ्यावर फुकट मिळते ती. नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की ‘तुमची वाईट, आमची चांगली’ सुरू होतं आणि मूळ प्रश्न चौथ्या प्रतिसादात बुडतो. वहीत दोन्हींची पानं सारखीच भरली आहेत.

वही म्हणजे काउंटरला सुतळीने बांधलेली उधारीची वही. उधारी फोनवर गेली, वही तशीच लटकत राहिली. टायपिंगला माझी भाची बसते. तिने नियम केला की संगणक अडला की शिव्या घालायच्या नाहीत, काय झालं ते वहीत लिहायचं. गिऱ्हाईकंही लिहितात. दीड वर्षात अकरा पानं झाली. आता ती म्हणते, ‘मामा, वहीत ठेवून काय उपयोग? सिस्टीम बनवणाऱ्यांना कळवा की.’

कळवायचं कुठे, कसं, आणि यातलं काय आधीच उपलब्ध आहे पण आम्हाला ठाऊक नाही, हे विचारायला हा धागा.

सगळ्यात मोठं दुखणं कऱ्हाडचं. मार्चअखेरीला कऱ्हाडची एक पार्टी आली, गेल्या वर्षीचा सभेचा अहवाल काढून त्यात आकडे बदलून द्या म्हणाली. मी शोधात ‘कऱ्हाड’ टाकलं. काही नाही. ‘कऱ्हाड अहवाल’ टाकलं. तेही नाही. माणूस समोर बसलेला, एसटी पकडायची घाई. शेवटी त्याच्याकडच्या छापील प्रतीवरून चौदा पानं परत टाइप केली आणि ‘कऱ्हाड अहवाल’ नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवली. संध्याकाळी भाचीने फोल्डर उघडला तर आत दोन फाइली. दोन्हींचं नाव ‘कऱ्हाड अहवाल’. अक्षर न अक्षर तेच. आता मला सांगा, एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली संगणक कधी ठेवू देतो का? (कराड की कऱ्हाड हा वाद इथे नको. पार्टीच्या लेटरहेडवर कऱ्हाड आहे.)

नंतर लक्षात आलं की एकट्या कऱ्हाडवर राग नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’, ‘सातबाऱ्याचा अर्ज’, ‘दुसऱ्या हप्त्याचं पत्र’, सगळीकडे कधी सापडतं, कधी नाही. आमच्या धंद्यात हे ‘ऱ्’ अक्षर टाळून चालत नाही. अहो, गिऱ्हाईक लिहायलाच ते लागतं.

दुसरी सूचना पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सीपीयू डोक्यावर घेऊन शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो होतो. तेव्हापासून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं पाणी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकलं की माझा जीव संगणकात अडकतो. धोक्याची पातळी ४५, म्हणजे मधल्या वेळात सगळं काम बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं. कॉपी लावली की ती मनाला येईल त्या क्रमाने चालते. २०११ च्या पत्रिका आधी जातात आणि काल केलेलं काम शेवटी. मला एक बटण हवंय. दाबलं की आजचं आधी, मग कालचं, मग परवाचं. मध्येच डिस्क उपटून पळालो तरी ताजं काम हातात राहिलं पाहिजे. वहीत याला ‘पुराचं बटण’ लिहिलंय.

बाकी किरकोळ. पासवर्ड टाकताना कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, गोल ठिपके दिसतात, तीनदा चुकतो. वडिलांना माउसचा बाण सापडत नाही. आणि लोक २००३-०४ च्या फाइली पेन ड्राइव्हवर आणतात, उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा भुसा. तेव्हा सिस्टीमने निदान ‘ही जुन्या फॉन्टातली मराठी आहे’ एवढं तरी सांगावं.

---

अर्धमात्रा

दादा, दोन फाइलींचा तुमचा दाखला फार मोलाचा आहे, जपून ठेवा. एक करा. दोन्ही फाइलींचं नाव कॉपी करून लिब्रेऑफिस रायटरमध्ये चिकटवा. कीबोर्ड इंग्रजीवर आणा, अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा कोड येईल. पुन्हा दाबलं की अक्षर परत. ‘ऱ्’ च्या जागी दोन्हींकडे काय येतं ते लिहा. आणि तुम्ही व भाची एकच कीबोर्ड वापरता का?

---

जुनं खोड

आधी एक विचारतो. जुन्या मशीनवर अजून विंडोज १० आहे का? त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सूचना नंतर पाठवा, ते आधी बघा.

बाकी यात सिस्टीमचा काय संबंध? टाइप करणाऱ्याने एक पद्धत धरावी. आम्ही डीटीपीत तीस वर्षं तेच केलं.

---

काउंटरवाला

@जुनं खोड: ते बघूनच त्यावर फुकटवाली टाकली, लिनक्स मिंट, काका. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी लागते.

@अर्धमात्रा: ताई, कीबोर्ड वेगळे आहेत! मी इनस्क्रिप्टवर (सरकारी मांडणीचा मराठी कीबोर्ड), भाची रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवते. तुम्ही सांगितलं तसं केलं. माझ्या फाइलीत ०९३१ आणि ०९४डी. तिच्या फाइलीत ०९३०, ०९४डी आणि २००डी. हे २००डी काय आहे? पडद्यावर तर काहीच दिसत नाही.

---

अर्धमात्रा

दिसत नाहीच ते. २००डी म्हणजे जोडणारं अदृश्य चिन्ह. शेजारच्या अक्षरांनी एकमेकांशी कसं जोडून घ्यायचं एवढंच ते सांगतं.

तुम्ही इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबता, तो स्वतंत्र ‘ऱ’, कोड ०९३१. मग डी दाबून त्याचा पाय मोडता. भाचीचं साधन साधा ‘र’ घेतं, पाय मोडतं आणि पुढे ते अदृश्य चिन्ह ठेवतं. दोन्हीकडून पापणीसारखी तीच खूण उमटते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना कोड देणाऱ्या तक्त्यात, पहिली पद्धत मुख्य आहे, दुसरीही ग्राह्य आहे. गंमत म्हणजे तक्त्यात ०९३१ पुढे द्राविडी भाषांतल्या र साठी अशी टीप आहे, आणि आपलं पापणीवालं रूप त्याच्या खाली दुसऱ्या ओळीत येतं.

डोळ्यांना एक, यंत्राला दोन. म्हणून एकाच फोल्डरमध्ये दोन्ही मावल्या.

कोणी म्हणेल, युनिकोडमध्ये सारखी अक्षरं एकरूप करायची सोय आहे की. ती इथे लागू पडत नाही. त्या नियमाने ०९३१ ची फोड ‘र अधिक नुक्ता (अक्षराखालचा ठिपका)’ अशी होते, ‘र अधिक अदृश्य चिन्ह’ अशी नाही. पण युनिकोडचे तुलनेचे नियम निराळे आहेत. त्यांच्या पहिल्या पातळीवर नुक्ता मोजत नाहीत आणि ते अदृश्य चिन्हही मोजत नाहीत. त्या पातळीवर तुमचं आणि भाचीचं कऱ्हाड एकच ठरतं! म्हणजे नवीन काही शोधून काढा असं सांगायचंच नाही. ‘फाइल शोधताना पहिल्या पातळीची तुलना वापरा’ एवढीच सूचना. इंग्रजीत शोधताना कॅपिटल-स्मॉल कोणी बघत नाही ना, तसंच.

---

जुनं खोड

मग त्या पातळीवर ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ पण एकच झाले. संस्कृतच्या सरांचं पत्र शोधायला जाल आणि केटररचं बिल हातात येईल. दर्या आणि दऱ्याही एकच.

---

काउंटरवाला

येऊ दे की, काका. शोधात चार जास्त आले तर डोळ्यांनी निवडतो. एक हरवला तर चौदा पानं बडवावी लागतात. आणि एक पद्धत धरा म्हणालात, ते दुकानापुरतं ठीक. गिऱ्हाईकाच्या पेन ड्राइव्हवरची फाइल कोणत्या हाताने टाइप झाली हे मी कसं ठरवणार?

---

तंबोरा, मिरज

किरकोळ गोष्टींची उत्तरं देतो. प्रत्येक खिडकीला वेगळा कीबोर्ड ठेवायची सोय दोन्हीकडे आहे. विंडोजमध्ये टायपिंगच्या प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये, मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर कीबोर्डच्या लेआउटमध्ये. ते चालू केलं की टायपिंगच्या खिडकीतली मराठी ब्राउझरमध्ये घुसत नाही. सिस्टीम उघडतानाच्या पासवर्डला याचा उपयोग नाही, ती सूचना पाठवाच. माउसचा बाणही दोन्हीकडे मोठा करता येतो.

पुराच्या बटणाबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. आम्हीही कृष्णेकाठीच राहतो. पाणी वाढल्यावर कॉपी सुरू करायची हेच चुकतं. रोज रात्री दुकान बंद करताना फक्त बदललेलं तेवढं डिस्कवर जायला हवं. विंडोजमध्ये रोबोकॉपी, लिनक्सवर आरसिंक, दोन्ही हेच काम करतात. पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर रोज दोन-चार मिनिटं. मग पुराच्या दिवशी डिस्क खिशात टाकून निघायचं. आणि मिंटमधल्या टाइमशिफ्टवर विसंबू नका. तो सिस्टीमच्या फाइली जपतो, तुमचं काम असतं ते होम फोल्डर मूळ सेटिंगमध्ये घेत नाही. लोक ‘बॅकअप आहे’ म्हणून निर्धास्त राहतात आणि नेमक्या वेळी आत अहवाल नसतो.

---

काउंटरवाला

टाइमशिफ्टचं बरं सांगितलंत. मी तसाच निर्धास्त होतो. आजच बघतो.

तरी सूचना मागे घेत नाही. रोज रात्री डिस्क लावायची शिस्त आमच्यात पहिले पंधरा दिवस असते. ताजं आधी जावं ही मागणी शिस्त नसलेल्या माणसासाठी आहे, आणि पूर काही शिस्तवाल्यांनाच येत नाही.

---

जुनं खोड

जुन्या फॉन्टांच्या मागणीला माझा पाठिंबा. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असायची. संगणक शेवटपर्यंत समजायचा की हा इंग्रजीच लिहितोय. फॉन्ट नसेल तर भुसा दिसतो, आणि फॉन्ट असला तरी मराठीत शोधून काही मिळत नाही. माझ्याकडे शिवाजी फॉन्टातल्या फाइली कपाटभर सीडींवर पडून आहेत. वर्डच्या फाइलीत फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. तेवढं वाचून ‘हा जुना मराठी फॉन्ट दिसतो, युनिकोडमध्ये बदलू का’ असं विचारायला काय हरकत आहे? बदलणारी साधनं आहेत, पण ती शोधत फिरावं लागतं. हे मात्र लिहाच, काउंटरवाले. कऱ्हाडबद्दलही पटलं थोडं.

---

अर्धमात्रा

कुठे पाठवायचं ते सांगते. विंडोजवर विंडोज बटण आणि एफ दाबा, फीडबॅक हब उघडतो. तिथे तक्रार वेगळी आणि सूचना वेगळी, तुम्ही सूचना निवडा. आधी शोधून बघा, तीच मागणी कोणी केली असेल तर नवीन न लिहिता तिलाच मत द्या. मिंटसाठी फाइल व्यवस्थापकाचं नाव नेमो, त्याच्या गिटहबवरच्या (प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची साइट) पानावर इश्यू, म्हणजे तक्रार-सूचना, नोंदवायचा. इंग्रजीत लिहा, एका नोंदीत एकच गोष्ट. अकरा पानं एकत्र टाकलीत तर कोणी पहिल्या पानापलीकडे जाणार नाही. पूर, पासवर्ड, फॉन्ट, सगळं वेगवेगळं.

कऱ्हाडच्या नोंदीत स्क्रीनशॉट बिनकामाचा, त्यात दोन्ही नावं सारखीच दिसणार. कोडच्या दोन ओळी द्या. कोणत्या क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं पुरे. समोरच्याला मराठी येत नसणार, म्हणून कऱ्हाड हे गावाचं नाव आहे हेही लिहा, नाहीतर त्याला वाटेल काही चुकून उमटलंय.

तोवर दुकानापुरता उपाय: विंडोजच्या शोधात ‘क*हाड’ टाकलं तर दोन्ही सापडायला हवेत. आणि मिंटमध्ये बल्की नावाचं साधन आहे, एकगठ्ठा नावं बदलायचं. भाचीच्या पद्धतीचं ‘र्‍’ शोधायला सांगा, त्याजागी तुमचं ‘ऱ्’ घालायला सांगा.

---

काउंटरवाला

मंडळी, खबर देतो.

कऱ्हाडची नोंद दोन्हीकडे पाठवली. इंग्रजी भाचीने लिहिलं. ‘गाव कुठलं’ हे सांगताना तिने कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं म्हणून चार ओळी घातल्या होत्या, त्या मी काढायला लावल्या. तिने दोन ठेवल्याच. पासवर्डची आणि जुन्या फॉन्टची सूचना रविवारी पाठवतो. पुराच्या बटणाचा मजकूर माझाच मला नीट जमेना, ‘ताजं आधी’ ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमच्या दोघांत अजून चर्चा चालू आहे. तंबोरांनी सांगितलेली रात्रीची कॉपी तीन दिवस झाली आहे. पंधरापैकी तीन.

नावंही बदलली. ताईंनी सांगितलं तसं बल्कीत सगळा फोल्डर घातला. शेतकरी बदलले, सातबारा बदलला, दुसरा-तिसरा हप्ता बदलला. फक्त ‘कऱ्हाड अहवाल’ अडला. या नावाची फाइल आधीच आहे म्हणतो! भाची म्हणते मूळची तिची होती, ती ठेवायची. मी म्हणतो चौदा पानं माझ्या बोटांनी बडवली आहेत. तूर्त तिच्या फाइलीला ‘कऱ्हाड अहवाल भाची’ असं नाव दिलंय.