‘ड्राय’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या प्रवासावर लेख लिहिते आहे. बॉडमिन मूरच्या पश्चिमेला, कॅमल नदीच्या खोऱ्यात वेनफर्डब्रिज इथे चिनी मातीच्या जुन्या उद्योगाची एक लांबच लांब पडीक इमारत अजून उभी आहे. तिथे तिला ‘वेनफर्ड ड्राइज’ म्हणतात. वर मूरवर स्टॅननची खाण. तिथलं माती कालवलेलं पाणी पाइपातून खाली उतरायचं, इथे माती सुकवायची आणि आगगाडीत भरायची. मी ‘भट्टी’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘कारखाना’ केलं. मला दोन्ही पटत नाहीत. ‘मूर’ला ‘माळरान’ चालेल का, हेही सांगा.

प्रतिसाद १

‘भट्टी’ तर नकोच. भट्टीत वीट भाजतात, चुना भाजतात. इथे माती भाजली जात नव्हती, तिच्यातलं पाणी तेवढं काढत होते. भाजणं पुढे कपबशा घडवणाऱ्यांकडे, आणि बरीचशी माती तर कागदात जायची, म्हणजे तिला भाजण्याचा प्रश्नच नाही.

आत कसं चालायचं ते डोळ्यांसमोर आणा म्हणजे शब्द आपोआप सुचेल. टाक्यांमध्ये निवळून खाली बसलेली माती चक्क्यासारखी घट्ट झाली की ती आत आणून लांब फरशीवर पसरत. फरशी जाड सच्छिद्र लाद्यांची, तिच्याखालून धुराचे बोगदे. एका टोकाला कोळशाची चूल, दुसऱ्या टोकाला धुराडं. चुलीकडची माती एका दिवसात सुकायची, धुराड्याकडचीला जास्त वेळ लागायचा. सुकलेली माती फावड्यांनी शेजारच्या, खालच्या पातळीवरच्या कोठारात ढकलायची. वाफ आणि पांढरी धूळ यांत उभं राहून माणसं हे काम करत. म्हणून माझं मत ‘वाळवणघर’.

प्रतिसाद २

‘वाळवण’ म्हटलं की माझ्या आईची गच्चीवरची कुरडई दिसते. वाळवणाला ऊन लागतं, आणि बॉडमिन मूरवर उन्हाचा भरवसा कुणी धरला असता तर माती वर्षभर ओलीच राहिली असती. (सुरुवातीला तिकडेही उघड्यावर, वाऱ्या-उन्हात सुकवत, त्याला महिनोन्‌महिने लागत. चूल आली ती त्यासाठीच.) पावसाळ्यात आपण कपडे चुलीच्या धगीवर ‘सुकवतो’, तिथे ‘वाळवण घातलंय’ असं नाही म्हणत. तेव्हा ‘सुकवणघर’ घ्या. नवा शब्द आहे, पण ऐकताच कळतो.

आणि ते जे खालच्या पातळीवरचं कोठार, त्याला तिकडे ‘लिनी’ म्हणतात. डेव्हन-कॉर्नवॉलच्या शेतावरचाच शब्द: पुढून उघडी, भिंतीला टेकलेली एकपाखी शेड. हिला आपल्याकडे ‘पडवी’ म्हणतात. कोकणातल्या घरात पडवी ओटीपेक्षा एक पायरी खाली असते, इथेही कोठार फरशीच्या खालीच. इतका चपखल शब्द हाताशी असताना ‘गोदाम’ लिहू नका, अशी कळकळीची विनंती.

प्रतिसाद ३

‘सुकवणघर’ला माझंही मत. पण संपादकांच्या ‘कारखान्या’बद्दल बोलायला हवं. तिकडे ‘क्ले वर्क्स’मध्ये सगळंच येतं: खाण, पाण्याच्या मारानं धुतलेला कडा, वाळू आणि अभ्रक खाली बसवणारे चर, टाक्या, सुकवणघर. मैलोन्‌मैल पसरलेलं काम, त्याला एका छपराखालचा ‘कारखाना’ कसं म्हणायचं? आपल्याकडे असा एक शब्द आहे, ‘मिठागर’. तिथेही पाणी, बांध, खाच्यातला गाळ, वाट पाहणं, सगळं उघड्यावर. त्या वळणावर ‘मातीचं आगर’ म्हणता येईल. मात्र सुकवणघर हा आगराचा एक भाग, तेव्हा दोन्ही शब्द लागतील.

‘मूर’ला ‘माळरान’ नको. माळरान म्हटलं की कोरडं कुसळी गवत डोळ्यांपुढे येतं. मूर ओला, ग्रॅनाइटचा, मधून दलदल, वारा सतत. कोकणातला ‘सडा’ जवळ जातो, पण तो जांभ्याचा, आणि घाटावरच्या वाचकाला शेणसडाच आठवेल. ‘मूर’च ठेवा, पहिल्यांदा ‘उंचावरचा ओला माळ’ असं सांगा.

आणखी एक. ‘चिनी माती’ म्हणताच आपल्याला लोणच्याची बरणी आठवते, म्हणजे भाजलेली, झिलई दिलेली वस्तू. इथे मात्र कच्ची पांढरी भुकटी आहे. तेव्हा एकदा ‘कच्ची चिनी माती’ लिहाच. शाडूही नव्हे, तो वेगळा. या मातीचं केओलिन हे दुसरं नावही चीनमधल्या जिंगडेझेनजवळच्या गाओलिंग टेकडीवरून आलंय, आणि कॉर्नवॉलमध्ये ही माती ओळखून 1768 साली तिच्या भांड्यांचं पेटंट घेणारा विल्यम कुकवर्दी प्लिमथचा औषधविक्रेता होता. तेव्हा ‘चिनी’ हे विशेषण गाळू नका.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘पडवी’ वाचून फार आनंद झाला, रत्नागिरीकडच्या आजोळची पडवीच आठवली. वाक्य असं केलं आहे:

‘बॉडमिन मूरवरच्या चिनी मातीच्या आगराचं सुकवणघर वेनफर्डब्रिजला अजून उभं आहे. ज्या पडवीत सुकलेली कच्ची माती साठायची, तिच्याशेजारून जाणारा लोहमार्ग 1834 साली सुरू झाला आणि 1983 साली बंद पडला. आता त्या मार्गावरून लोक सायकली चालवतात.’

‘लोहमार्ग’ की ‘रेल्वेचा रूळ’, तेवढं सांगा.

प्रतिसाद २

‘लोहमार्ग’ राहू द्या. रूळ आता नाहीत, मार्ग आहे.