मदत हवी आहे: ब्रश कटर सुरक्षितपणे चालवायला कसं शिकू? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. जुळे सोलापूर आणि विजापूर रोडकडच्या सोसायट्यांत बागकाम करतो. आजवर विळा-खुरप्यावर भागत होतं. जूनमध्ये पेट्रोलचा टू-स्ट्रोक ब्रश कटर, म्हणजे गवत-झुडपं कापायचं मशीन, घेतला. दुकानदारानं दोरी ओढून चालू करून दाखवला, झालं शिकवणं. वर "गार्ड काढून टाका, गवत अडकतं" म्हणाला, आणि पात्यावरचं ते संरक्षक झाकण मी काढलंही.

गेल्या आठवड्यात एका मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं गाजरगवत कापत होतो. खाली मुरूम आणि बांधकामाची खडी, वरून काही दिसेना. हरभऱ्याएवढा खडा उडाला तो दहा-बारा पावलांवर गवत गोळा करणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या भुवईवर. तीन टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. तो "दाजी, काही झालं नाही" म्हणत होता आणि माझेच हात थरथरत होते. तेव्हापासून मशीन पोत्यात गुंडाळून ठेवलंय.

मेहुण्यालाही शिकायचंय, पण आधी मला नीट यायला हवं. नायलॉन दोरी कुठं वापरायची, लोखंडी पातं कुठं? जाड बुंध्याला पातं लागलं की मशीन उजवीकडं झटका देतं, माझं काय चुकतंय? ओळखीचे एक माळी दोरीऐवजी क्लचची तार लावतात, तुटत नाही म्हणतात. लावू का?

प्रतिसाद:

भाऊ, आधी गार्ड परत बसवा. गवत अडकलं तर इंजिन बंद करून काढायचं, त्याला दुसरा उपाय नाही. तार अजिबात लावू नका. तिचा तुकडा तुटला तर गोळीसारखा जातो.

झटक्याचं असं आहे: बहुतेक मशीनचं पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून हात उजवीकडून डावीकडं चालवायचा आणि पात्याच्या डाव्या बाजूनं कापायचं. पुढचा उजवा भाग बुंध्याला टेकला की झटका बसणारच. तुमचा तिथंच घोटाळा होतोय. कोवळ्या गवताला, भिंतीच्या कडेला नायलॉन दोरी. गाजरगवताचे जून दांडे, झुडपं यांना पातं. दोरीनंसुद्धा खडे उडतात, त्यामुळं आधी प्लॉट पायी फिरून दगड, बाटल्या, तारा उचला. माणसं १५ मीटर लांब, म्हणजे पन्नासेक फूट. मेहुण्यानं तुम्ही इंजिन बंद केल्यावरच जवळ यायचं.

तुम्हाला गॉगल, कानाला मफ, जाड पँट, बूट. चपलेवर कुणी मशीन उचलायचं नाही, उन्हाळ्यात ४२ अंशातसुद्धा. त्यापेक्षा सकाळी सहाला काम काढा. पट्टा असा बांधा की मशीनचं कापणारं टोक जमिनीलगत आपोआप तोलून राहील. गरम इंजिनात पेट्रोल भरू नका.

रविवारी सकाळी मी होटगी रोडच्या एका प्लॉटवर आहे. मशीन घेऊन या. मेहुण्यालाही आणा, टाके निघाले असतील तर.