पूलमधील मायनिंग नियमांनीच अशक्य करावे काय?

अन्वय (धागाकर्ता)
बिटकॉइनचे मायनिंग म्हणजे यंत्राने कोडे सोडवून व्यवहारांचा नवा गट (ब्लॉक) नोंदवणे आणि त्याबद्दल बक्षीस मिळवणे; असे अनेक मायनर शक्ती एकत्र करून बक्षीस वाटून घेतात तो पूल. जून २०१४ मध्ये जीहॅश डॉट आयओ या एकाच पूलकडे बिटकॉइनच्या एकूण गणनशक्तीपैकी निम्म्याहून अधिक वाटा काही काळ एकवटला होता. एवढी शक्ती हाती असलेला इतरांचे व्यवहार अडवू किंवा स्वतःचे उलटवू शकतो, म्हणून गदारोळ झाल्यावर त्या पूलने आपला वाटा ४० टक्क्यांखाली ठेवण्याचे जाहीर केले. पण कोणावरही विश्वास ठेवावा लागू नये म्हणून उभारलेल्या व्यवस्थेची सुरक्षितता एका चालकाच्या सौजन्यावर अवलंबून राहावी, हे मला मान्य नाही. मायनिंगचे कोडेच असे रचावे की, ज्याच्या यंत्राला उत्तर सापडेल त्याला संपूर्ण बक्षीस परस्पर स्वतःकडे वळवता येईल आणि चोर कोण हे पूलला कळणारही नाही. मग अनोळखी सभासदांच्या भरवशावर पूल चालवणार कोण? अँड्र्यू मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशी रचना मांडलेली आहे.

तर्कट
असहमत. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी सापडतो. ज्याच्याकडे एकूण शक्तीचा एक लाखावा हिस्सा आहे, त्याला एकट्याने सरासरी ६९४ दिवस वाट पाहावी लागेल, आणि तीही सरासरीच; वीजबिल मात्र दरमहा येईल. पूल बंद पडले की हा माणूस यंत्रे विकून मोकळा होईल. उरतील ते हजारो यंत्रांचे एकहाती मालक, ज्यांना मुळात कोणा सभासदावर विसंबावेच लागत नाही.

अन्वय
बक्षीस लहान-लहान भागांत विभागले तर प्रतीक्षा कमी होईल.

तर्कट
होईल, परंतु अशा प्रत्येक भागाचा पुरावा प्रत्येक नोडला (ब्लॉकची पडताळणी करणाऱ्या जाळ्यातील संगणकाला) तपासावा लागेल. तो भार कोणी सोसायचा, हे आपण सांगितलेले नाही.

मध्यमा
पूलची घातक सत्ता बक्षीस वाटण्यात नसून ब्लॉकमध्ये कोणते व्यवहार घ्यायचे हे ठरवण्यात आहे, असे माझे मत आहे. स्ट्रॅटम व्ही२ या पूल आणि मायनर यांच्यातील संपर्कप्रणालीत ही निवड मायनरला स्वतः करता येते. पूल केवळ उत्पन्नातील चढउतार वाटून घेतो. कोडे बदलण्यापेक्षा हा मार्ग सौम्य आहे.

अन्वय
सौम्य आहे, कारण ऐच्छिक आहे. व्यवहार निवडण्यासाठी स्वतःचा नोड चालवावा लागतो, आणि त्याबद्दल मायनरला एक सातोशीही (बिटकॉइनचे सर्वांत लहान एकक) जास्त मिळत नाही. शिवाय मायनरने रचलेला ब्लॉक नाकारण्याची मुभा पूलकडे राहतेच.