मदत हवी आहे: एटी टायर कुठले घ्यावेत? (अर्जंट)

काजूवाला
नमस्कार मंडळी. एटी (ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्हीला चालणारे) टायर घ्यायचेत, चारही. पाऊस तोंडावर आलाय आणि गावी जायचंय. दर पावसाळ्यात घराकडच्या चढावर गाडी अडकते, मग ती खाली रस्त्याला लावायची आणि गॅस सिलेंडरपासून औषधांपर्यंत सगळं हातात घेऊन वर जायचं. आईचे गुडघे गेलेत, तिला त्या चिखलातून धरून धरून न्यावं लागतं, ते ह्या वर्षी अजिबात नकोय. टायरच्या दुकानात गेलो तर तो तीन नावं सांगतो आणि तिन्ही बेस्ट म्हणतो, वर म्हणतो मोठं माप टाका गाडी उठून दिसेल. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. जे वापरताय त्यांनी सरळ नाव सांगा, शनिवारपर्यंत बसवून मोकळं व्हायचंय.

घाटमाथा७७
बीएफ गुडरिच केओ२, डोळे झाकून. माझ्या थारला आहेत. दगडधोंडे, नदीपात्र, काही विचारत नाही. हे लोक १९७६ पासून ऑल टेरेन बनवतायत, उगाच नाव झालेलं नाही.

रानवाट
गाडी कुठली, माप काय, फोर बाय फोर आहे का टू व्हील, गाव कुठे, वर्षाकाठी हायवे किती आणि कच्चा किती? ह्यातलं काहीच लिहिलं नाहीये, मग नाव कसं सांगणार?

काजूवाला
स्कॉर्पिओ आहे. गाव कोकणात. बाकी नॉर्मल वापर.

रानवाट
कुठली स्कॉर्पिओ? स्कॉर्पिओ-एन ह्या एका मॉडेलमध्येच १७ इंची पण येतं आणि १८ इंची पण. टायरच्या बाजूवर जे आकडे आहेत ते जसेच्या तसे इथे टाका, शेवटचा आकडा आणि अक्षर पण. आणि आत्ताच्या टायरची खोबण किती उरलीय तेही बघा.

परभणीकर_पाटील
एटीच्या नादी लागू नका, अनुभवाने सांगतो. आमच्याकडं काळी माती. पाऊस पडला की एटीच्या खोबणीत माती अशी भरती की पन्नास पावलांत टायर गुळगुळीत, मग वर आणखी थर चढतो, तो मडगार्डला आतून घासायला लागतो आणि शेवटी चाकच फिरंना. काठीनं उकरून काढावी लागती. शेतात जायचं तर एमटी (मड टेरेन, खास चिखलाचे) घ्या, त्याचे गट्टू म्हणजे रबराचे ठोकळे एकमेकांपासून लांब असतात म्हणून चाक फिरलं की माती फेकून देतं. नाहीतर गाडी डांबरीवर ठेवा आणि ट्रॅक्टरनं जा.

माडाखाली
पाटीलसाहेब, तुमचं तुमच्या मातीपुरतं शंभर टक्के खरं, पण कोकणातली लाल माती तशी धरून बसत नाही, ती वाहून जाते. आमच्याकडे वरचा चिखल चार बोटं आणि खाली जांभा, टणक. घसरायला होतं ते तीन गोष्टींनी: चढ, जांभ्यावरची सुटी बारीक खडी आणि शेवाळ. शेवाळावर एमटीचे मोठे गट्टू उलट जास्त सटकतात, कारण गट्टू कडक आणि त्यावर बारीक चिरा कमी. एमटी घालून पुण्या-मुंबईहून ओल्या हायवेने यायचं हे तर मला पटतच नाही.

परभणीकर_पाटील
बरोबर आहे, पण त्यांनी कोकण म्हणून आधी सांगितलं नव्हतं ना. मी वर लिहायला लागलो तेव्हा ती पोस्ट नव्हती. तरी काळ्या मातीवाले कुणी हा धागा वाचत असतील त्यांनी माझं ध्यानात ठेवा.

काजूवाला
सांगतो सगळं. स्कॉर्पिओ क्लासिक, २०२२ ची. टायरवर २३५/६५ आर १७ आणि पुढे १०४ एच. फोर बाय फोर नाही. खोबण बघितली, मागच्या दोन्हीची अगदी वर आलीय, मधले ते छोटे रबरी उंचवटे जवळजवळ लेव्हलला आलेत, पुढची थोडी बरी. गाव दोडामार्ग तालुक्यात. पुणे, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असे जातो. सगळा डांबरी, फक्त शेवटचा दीड-दोन किलोमीटर कच्चा, त्यात घराच्या आधीचा फणसाजवळचा वळणाचा चढ हीच एक भानगड. तिथे वळण घेताना वेग तुटतो, मागचं आतलं चाक जागेवर फिरायला लागतं, गाडीचं मागचं अंग हळूहळू गटाराकडे सरकतं आणि क्लचचा वास येतो. आता तरी नाव सांगा.

रानवाट
आता चित्र स्पष्ट झालं. ते उंचवटे म्हणजे झीज दाखवणाऱ्या खुणा, १.६ मिलिमीटरवर असतात. तिथे आलेला टायर कायद्याने पण बाद आणि पावसात धोक्याचा, पाणी बाहेर फेकायला खोबणच उरलेली नाही. म्हणजे टायर तुम्हाला कुठलाही असो, बदलायचाच आहे, आणि आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अशा घाटातून आईला घेऊन ह्या टायरवर जाऊ नका.

नाव विचारताय तर माझी पसंती योकोहामा जिओलँडर एटी, जी०१५. कारण तुमचा प्रवास जवळजवळ सगळा डांबरी आहे आणि हा एटीमधला सौम्य टायर आहे, गट्टूंवर बारीक चिरा भरपूर, त्यामुळे ओल्या डांबरावर बरा धरतो, आवाज पण सहन होण्यासारखा. अपोलोचा ॲप्टेरा एटी२ पण त्याच जातीतला. तुमच्या मापात आणि १०४ किंवा त्याच्या वरच्या आकड्यात जो ताजा मिळेल तो घ्या. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलोपर्यंत भार, त्याच्या खाली जायचं नाही. अक्षर एचच्या जागी टी किंवा एस येऊ शकतं, एटीला बरेचदा असतं. ते अक्षर म्हणजे टायरची वेगमर्यादा, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर.

घाटमाथा७७
जिओलँडर चांगलाय पण साइडवॉल केओ२ची मजबूत. जांभ्याची धार लागून बाजू फाटली की पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर थेट भंगारात. एकदाच खर्च करा.

रानवाट
साइडवॉलचं मान्य. पण तो बहुतेक मापांत एलटी (लाइट ट्रक) बांधणीचा येतो, वजन जास्त, बाजू कडक. क्लासिकचं सस्पेंशन आधीच हलवतं, त्यात मागच्या सीटवर गुडघेदुखीच्या माणसाला पुणे ते दोडामार्ग बसवायचंय. ॲव्हरेज कमी होईल ते वेगळंच. दगडात खेळायला जाणाऱ्या थारचं गणित निराळं.

घाटमाथा७७
खेळायला नाही जात, माझी साइट डोंगरात आहे, रोजचं काम आहे ते. बाकी आईंच्या त्रासाचं म्हणताय ते मान्य, त्यांच्यासाठी मऊ टायरच बरा.

मॉन्ट्रियलकर
टायर घेताना बाजूवर तीन शिखरं आणि मध्ये हिमकण अशी खूण आहे का ते बघा. नुसतं एम+एस (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर ते कंपनीने खोबणीच्या आकारावरून लिहिलेलं असतं, त्यामागे चाचणी असेलच असं नाही, हिमकणाची खूण मात्र बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते. आमच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात. थंडीत साधं रबर दगडासारखं होतं, सात डिग्रीच्या खाली गेलं की बदलाच.

माडाखाली
ताई, दोडामार्गात प्रश्न चिखलाचा आहे, बर्फ कुठून येणार. पण एम+एसचं बरं सांगितलंत, इथे दुकानदार ती दोन अक्षरं दाखवून साधा टायर ऑफरोड म्हणून खपवतात.

स्वप्नील_नाशिक
माझ्या स्विफ्टला एटी बसतील का? रस्ते फार खराब आहेत आमच्याकडे.

बजेटवाला
चार कशाला घेताय? गाडी मागच्या चाकांवर चालते. मागे दोन एटी टाका, पुढचे बरे आहेत तर राहू द्या. निम्म्यात काम. मी बोलेरोला असंच केलंय आणि शेतात मस्त चालते.

रानवाट
ह्याला माझा विरोध. पुढे अर्धे झिजलेले साधे आणि मागे नवे एटी, दोन्हीची ओल्यातली पकड वेगळी. आंबोलीत धुक्यात उतरताना वळणावर अचानक ब्रेक लागला तर कुठलं टोक आधी सुटेल ह्याचा भरवसा नाही.

बजेटवाला
चांगले टायर मागे टाका असं तर सगळेच सांगतात की, मागचं अंग सुटू नये म्हणून. तेच मी सांगतोय.

रानवाट
ते एकाच प्रकारचे दोन नवे आणि दोन जुने असतील तेव्हा. इथे प्रकारच बदलतोय. शिवाय चढावर वळण आहे असं ते म्हणतायत, तिथे पुढच्या चाकांनी दिशा धरली नाही तर मागचं कितीही ढकलू दे, गाडी सरळ गटारात. बोलेरो शेतात वीसच्या वेगाने जाते, ह्यांना हायवेला शंभरने जायचंय.

बजेटवाला
चार घेतले तर उत्तमच, पैसे असतील तर. सगळ्यांकडे नसतात म्हणून पर्याय दिला.

काजूवाला
चारच घेणार. दुकानदाराच्या मोठ्या मापाचं काय? २६५/६५ आर १७ म्हणतोय. गाडी उंच होईल म्हणजे चढाला फायदाच ना?

रानवाट
नको. तुमच्या आत्ताच्या टायरचा व्यास साधारण ७३७ मिलिमीटर, त्याचा ७७६. गाडी उंच होणार त्याच्या निम्मी, वीस मिलिमीटरसुद्धा नाही. आणि त्या बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ ला असेल, मोठं चाक फिरवायला इंजिनाला जास्त ओढ म्हणजे चढावर क्लच आणखी जळणार, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासायची शक्यता, रिमची रुंदी त्याला पुरते का तो वेगळा प्रश्न. क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले मापावरून वाद घालू शकतात ते वेगळंच. मूळ मापात मिळालाच नाही तर २४५/६५ आर १७ बघा, व्यास ७५०, फरक दोन टक्क्यांच्या आत. पण मग स्टेपनीचा पण विचार करा.

वैशाली_के
हवेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. आमची पण टू व्हील ड्राइव्हच आहे, सासर राजापूरकडे. कच्चा सुरू व्हायच्या आधी आम्ही मागच्या चाकांची हवा ३२ वरून २० ते २२ पीएसआयवर आणतो. टायर जमिनीवर लांब पसरतो आणि पकड एकदम जाणवते. डांबरीवर परत यायच्या आधी भरायचीच, कमी हवेवर वेगात गेलात तर टायर तापून फुटू शकतो. त्यासाठी छोटा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत हवा, लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्यापेक्षा बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या, मोठ्या टायरला तोच पुरतो. आणि चढाला चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. आपण घाबरून आणखी दाबतो आणि चाक स्वतःच खड्डा खणतं.

नायट्रोजन_फॅन
हवा भरताय तर नायट्रोजनच भरा.

वैशाली_के
गावी नायट्रोजन कुठे मिळणार दादा, आणि साध्या हवेत पण ७८ टक्के तोच असतो. प्रेशर बरोबर असणं महत्त्वाचं.

माडाखाली
काजूवाला, आता माझं ऐका, मी तुमच्या तालुक्याच्या शेजारचाच. टायराक कितीय पैसे घाला, पाणी वाटेतसून व्हावता तोपर्यंत वाट रवाची नाय. तुमच्या फणसाच्या वळणावर डोंगराकडचं पाणी वाटेवर उतरत असणार, माती घेऊन जातं आणि मागे सुटी खडी ठेवतं, म्हणून चाक फिरतं. डोंगराच्या अंगाला आधी चर मारून घ्या, आणि वाटेवर दर दहा-पंधरा पावलांवर एक तिरका उथळ चर म्हणजे पाणी बाजूला निघेल. मग दोन चाकोऱ्यांपुरते जांभ्याचे तुकडे बसवून घ्या. चिऱ्याच्या खाणीवर तुटका माल पडलेला असतो, एका टेम्पोत तेवढ्या वळणाचं भागेल. हे काम खरं मिरगाच्या आधीचं, पण चर अजूनही मारता येईल. जांभ्यावर शेवाळ धरलं की खराट्याने घासायचं आणि ब्लीचिंग पावडर टाकायची. टू व्हील गाडीला ओल्या चढावर एटीने मदत होते, चमत्कार होत नाही. आईंना घरापर्यंत गाडीतून न्यायचं असेल तर टायर आणि वाट दोन्ही करा.

काजूवाला
पाणी वाटेवरच उतरतं, बरोबर ओळखलंत काका. भावाला आत्ताच फोन केला, उद्या दोन गडी घेऊन चर मारून घेतोय, तुकडे आणायला टेम्पो बघतोय. टायर जी०१५ मूळ मापात चार, दुसऱ्या एका दुकानात आहेत म्हणाले. काय बघून घेऊ?

रानवाट
प्रत्येक टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, टायर बनल्याचा पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही जवळपासचे आणि वर्षाच्या आतले बघा, वर्षापेक्षा जुना माल देत असेल तर घेऊ नका. ते आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात म्हणून बसवायच्या आधीच बघा. व्हॉल्व्ह नवे, अलाइनमेंट, बॅलन्सिंग. आणि आधीच्या चारांतला बरा असलेला एक स्टेपनीला ठेवा, दुकानदाराला देऊन टाकू नका. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळून घ्या, वाटेत पहिल्यांदा चहाला थांबाल तेव्हा करा.

वैशाली_के
नवीन टायर सुरुवातीला जरा सटकतात, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत. पहिल्याच दिवशी घाटात घाई नको.

काजूवाला
शुक्रवारीच बसवतो म्हणजे एक दिवस पुण्यात चालवता येईल. मोठ्या मापाला नाही सांगितलं. कॉम्प्रेसर पण घेतोय, चिमट्यांचा.

स्वप्नील_नाशिक
स्विफ्टचं कोणीतरी सांगा ना.

रानवाट
त्या मापात एटी शोधत बसू नका, चांगला टूरिंग (डांबरी रस्त्याचा) टायर घ्या आणि हवा दर पंधरा दिवसांनी बघा. नवीन धागा काढा, माप आणि किती किलोमीटर झालेत ते आधी लिहा.