राजे डेव्हिस तुमच्या गावी कधी होते?

क्लीव्हलंडकर (धागाकर्ता)
Rajai हे स्पेलिंग वाचून मी बरीच वर्षं त्याला ‘रजाई’ म्हणायचो. मग टीव्हीवर उच्चार ऐकला, चक्क ‘राजे’! तेव्हापासून आमच्या घरात त्यांना अहोजाहो.

राजे डेव्हिस, अमेरिकेतले बेसबॉलपटू, आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागात उभे राहणारे). २००१ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) ३८ व्या फेरीत निवड. इतक्या खाली निवडलेली पोरं बहुतेक वर, मुख्य लीगमध्ये, पोचतच नाहीत. हे पोचले, आणि २००६ ते २०१९ मध्ये आठ संघांकडून खेळले. पिट्सबर्ग, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, टोरांटो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बॉस्टन, न्यूयॉर्क. ओकलंड आणि क्लीव्हलंडला तर दोन-दोनदा. बिऱ्हाड कायम पाठीवर. ही यादी वाचताना लक्षात आलं की यातल्या प्रत्येक गावात आपलं मंडळ आहे. तेव्हा ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी लिहा. आकडे नकोत, ते मिळतात. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा.

फ्रीमाँटवाली
२००९-१०. बुधवारी दोन डॉलरचं तिकीट असायचं, म्हणून आम्ही ऑफिसातून बार्ट ट्रेनने थेट कोलिझियम, म्हणजे ओकलंडचं मैदान. बेसबॉल कळत नव्हता, पण राजे कळायचे, कारण ते पळायचे. पहिल्या बेसवरून (धाव पुरी करायच्या वाटेवरचा थांबा) दोन पावलं पुढे सरकून उभे राहिले की हातांची बोटं सारखी वळवळायची. पिचरही (गोलंदाज म्हणा) चेंडू टाकायचा सोडून त्यांच्याकडेच बघत बसायचा. मला शाळेतला खो-खो आठवायचा, पाटीवर बसलेल्याने कुठल्या क्षणी उठायचं तो. २०१० साली ५० बेस चोरले. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोने यांना यादीतून काढलं होतं आणि ओकलंडने फुकटात उचललं होतं. २०१० चा मोसम संपल्यावर ओकलंडनेही त्यांना टोरांटोला देऊन टाकलं. मी तेव्हा कंत्राटावरच होते, त्यामुळे नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

पुणेकर (फक्त वाचक)
बेस ‘चोरणे’ म्हणजे नक्की काय? आणि कायदेशीर आहे का?

फ्रीमाँटवाली
पिचर चेंडू टाकायला लागला की बॅटरने तो मारायची वाट न बघता पुढच्या बेसकडे धूम ठोकायची. कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा) चेंडू घेऊन तिकडे फेकतो. चेंडू आधी पोचून तुम्हाला टेकला तर बाद. शंभर टक्के कायदेशीर.

मिसिसागाकर
आमच्याकडे २०११ ते १३. न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध डावीकडच्या भिंतीवर चढून झेललेला, होमरन (भिंतीपलीकडचा फटका, आपला षटकार) होणारा चेंडू अजून लोक सांगतात. पण माझी आठवण नंतरची. २०१६, कॅनडा डेच्या दुसऱ्या दिवशी, २ जुलैला. आदल्या दिवशीची मॅच नेहमीच्या नऊऐवजी १९ डाव चालली होती, दोन्ही संघ आंबलेले. राजे आता क्लीव्हलंडचे. पठ्ठ्याने एकाच मॅचमध्ये एकेरी, दुहेरी, तिहेरी आणि होमरन असे फटक्यांचे चारही प्रकार मारले (एक, दोन, तीन बेस गाठणारे आणि थेट धाव देणारा). आमच्याच मैदानावर, आमच्याच विरुद्ध! मॅच आम्ही ९-६ ने जिंकली म्हणून टाळ्या वाजवता आल्या.

ट्रॉयवाला (मिशिगन)
३० जून २०१४, सोमवार. शेवटचा डाव, आमचं डेट्रॉइट ४-१ ने मागे. मुलाला सकाळी पोहायला न्यायचं म्हणून आठव्या डावानंतर निघालो. पार्किंगच्या जिन्यात असताना मागून गर्जना ऐकू आली. राजेंनी तिन्ही बेसवर आपले गडी असताना होमरन मारून, म्हणजे एका फटक्यात चार धावा काढून, मॅच संपवली होती, ५-४. पिचर ओकलंडचा शॉन डुलिटल. हे नाव लक्षात ठेवा. मुलगा आता कॉलेजात आहे, अजून ऐकवतो.

क्लीव्हलंडकर
२ नोव्हेंबर २०१६, वर्ल्ड सिरीजची, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेची, सातवी आणि शेवटची मॅच. आदल्या दिवशी भाऊबीज झालेली, टेबलावर फराळाचे डबे, आणि मी इंडियन्सची, म्हणजे आमच्या क्लीव्हलंडच्या संघाची, टोपी घातलेला इंडियन. (आता संघाचं नाव गार्डियन्स आहे, तो विनोद संपला.)

आठवा डाव, दोन बाद (तिसरा गेला की डाव संपतो), ६-४ ने मागे. समोर शिकागोचा आरोल्डिस चॅपमन, ताशी शंभर मैलांनी टाकणारा. राजेंनी बॅट इतकी वर धरलेली की मुठीखाली दांडा मोकळा दिसत होता. गल्लीत मोठ्या भावाची बॅट हाती लागलेलं पोर धरतं तशी. बायको म्हणाली, याला बॅट धरता येत नाही का? मी काही बोललो नाही, कारण त्या सिरीजमध्ये त्यांचं फारसं काही चालत नव्हतं. आणि चेंडू गेला. उंच नाही, सरळ, हद्दीच्या खांबाच्या जरा आतून भिंतीपलीकडे. ६-६. माझ्या हातातली चकली कुठे गेली ते दुसऱ्या दिवशी सोफा झाडताना कळलं.

मग पाऊस, सतरा मिनिटं खेळ बंद. दहाव्या डावात शिकागो ८-६. आमचे दोन बाद, आणि पुन्हा राजेंनीच एक धाव आणली, ८-७. पुढचा गडी बाद झाला, मॅच संपली. शिकागोचा विजेतेपदाचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपला, आमचा १९४८ पासूनचा चालूच आहे.

ॲलनटाउनकर
माझी आठवण त्यांना न पाहिल्याची आहे. मे २०१९, इथे दुय्यम संघांची मॅच. पाहुणा संघ सिराक्यूस, न्यूयॉर्क मेट्सच्या हाताखालचा, त्यात राजे, वय ३८. या धाग्यावरच्या एकाने पाठवलेली टोपी सही घ्यायला नेली होती. मॅच सुरू झाली तरी राजे नाहीत. शेजारचा म्हणाला, सोडलं असेल, वय झालं. टोपी घेऊन परत आलो.

एडिसनवाली
अहो, ते आमच्याकडे आले होते! मेट्सचा कोणी जखमी झाला म्हणून तातडीने बोलावणं गेलं. राजेंनी उबर केली, ॲलनटाउन ते सिटी फील्ड (मेट्सचं न्यूयॉर्कमधलं मैदान), भाडं २४३ डॉलर. मॅच सुरू झाल्यावर पोचले. आठव्या डावात दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला पाठवलं आणि तीन धावांचा होमरन. सासूबाई तेव्हा भारतातून आलेल्या, त्यांना होमरनचं काही नाही. “दोनशे त्रेचाळीस? मग कंपनी देते ना ते?”

ट्रॉयवाला (मिशिगन)
पिचर कोण होता सांगा.

एडिसनवाली
शॉन डुलिटल. वॉशिंग्टनकडून.

ट्रॉयवाला (मिशिगन)
🙏

पिट्सबर्गवाला
उशिरा आलो. २००६ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा वर आले तेव्हा मी इथेच होतो, विद्यार्थी, सर्वात स्वस्त तिकिटावर. त्या महिन्यात दोनदा तरी मैदानावर गेलो असेन. नदी आठवते, पूल आठवतो, हॉटडॉग आठवतो. कोणी डेव्हिस काही आठवत नाही.