मदत हवी आहे: ७८ च्या तबकड्या ४५ वर वाजवून घेतल्या, आता ईक्यू (बास-ट्रेबलचा समतोल) कसा लावू?

घरातल्या एलपी संगणकावर घेऊन झाल्या. उरल्यात त्या लाखेच्या चाळीसेक तबकड्या, ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे), बहुतेक १९३०-४० मधली नाट्यगीतं. माझ्या टर्नटेबलवर ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत आणि दुसरं घ्यायचं बजेट नाही.

जोडणी: टर्नटेबल, फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा), यूएसबी इंटरफेस, लॅपटॉपवर ऑडॅसिटी (ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर). २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सुई ७८ साठीची, ३ मिलची (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल) लावली आहे (एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, हे एका तबकडीवर अनुभवलं). अर्थिंगची तार जोडलेली आहे, गुणगुण नाही. सफाई डिस्टिल्ड पाण्याने. अल्कोहोलने लाख विरघळते, तेव्हा तो सल्ला कृपया नको!

४५ वर वाजवून ऑडॅसिटीत वेग ७८ केला. सूर आणि लय बरोबर येतात, पण आवाजाचा पोत पार बिघडतो. मला वाटतं, प्रीअँप आरआयएए वक्र (एलपी कापताना कमी केलेला बास आणि वाढवलेला ट्रेबल पूर्ववत करणारी ठरावीक दुरुस्ती) लावतो, तोही कमी वेगाच्या आवाजावर. आणि या तबकड्या मुळात त्या वक्राच्या आधीच्या. ऑडॅसिटीच्या फिल्टर कर्व्ह या ईक्यूमधून आरआयएए उलटा लावून पाहिला, पण वेग वाढवल्यानंतर. बहुधा तिथेच गोची झाली.

मग क्रम आधी उलटा आरआयएए, नंतर वेग, शेवटी ७८ चा वक्र, असाच ना? आणि त्या काळच्या आपल्याकडच्या तबकड्यांना बास टर्नओव्हर (ज्या कंपनसंख्येखाली तबकडी कापताना बास कमी केलेला असतो ती) तुम्ही किती धरता: २५०, ३०० की ५०० हर्ट्झ?