अनुभव धागा: तुमची टेनिसची सर्व्हिस कशी सुधारली?

आम्ही चौघे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहा ते सात, सोसायटीच्या कोर्टवर डबल्स. फोरहँड सगळ्यांचा बरा आहे, बॅकहँड चालून जातो. सर्व्हिस मात्र पळीने आमटी वाढल्यासारखी. माझी तर खासच. समोर खेळणारे काका ६१ वर्षांचे आहेत. माझा बॉल पोचेपर्यंत ते चष्मा पुसून घेतात.

चाळिशीच्या आसपास रॅकेट हातात धरलेल्यांपैकी कुणाची सर्व्हिस खरोखर सुधारली असेल तर लिहा. 'भरपूर सराव करा' आणि 'रिलॅक्स राहा' हे दोन सल्ले सोडून. नेमकं काय बदललं, किती दिवस गेले, मधल्या काळात काय बिघडलं. नाव नको, गाव आणि वय पुरे.

माझ्यापासून सुरू करतो. घोळ पकडीत होता. तीन वर्षं मी रॅकेट उलथनं धरल्यासारखी धरत होतो, जाळी सरळ समोर. बॉल आत पडायचा, पण नुसता ढकललेला. आमच्या मार्करने (कोर्टवर खेळायला-शिकवायला ठेवलेला माणूस) एक दिवस रॅकेट हातात फिरवून दिली आणि म्हणाला, "साहेब, नारळावर कोयता मारता तशी धरा." कॉन्टिनेन्टल ग्रिप म्हणतात ती हीच, एवढं व्हिडिओ बघून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

कोयत्याची पकड घेतली की रॅकेटची कड बॉलकडे जाते. शेवटच्या क्षणी कोपरापासून पुढचा हात वळला तरच जाळी समोर येते. बरणीचं झाकण उघडताना उजवा हात वळतो ना, तोच वळसा, फक्त डोक्याच्या वर. मला तो जमेना. दोन महिने माझे सगळे बॉल डावीकडे, थेट मुलांच्या घसरगुंडीवर. पार्टनर काही बोलला नाही, पण त्या दोन महिन्यांत शनिवारच्या मिसळीला मला कुणी हाकही मारली नाही. मग एका गुरुवारी लागोपाठ तीन बॉल लागले आणि आवाजच वेगळा आला. आधी 'थप' यायचा, आता 'टॉक'.

(पोखरण रोड, ठाणे, वय ४४)

*

माझं दुखणं पकडीच्याही आधीचं. मला फेकताच येत नव्हतं. भाऊ गल्लीत क्रिकेट खेळायचा, मी लंगडी आणि खो-खो. लहानपणी लगोरीतसुद्धा मी खालून टाकायचे. आता कळतं की सर्व्हिस म्हणजे वरच्या दिशेला केलेला थ्रोच आहे. पायातून सुरू होतो, कंबर, खांदा, कोपर, आणि मनगट सगळ्यात शेवटी. मी थेट मनगटापासून सुरुवात करत होते!

कोचबाईंनी तीन आठवडे रॅकेट बाजूला ठेवायला लावली. बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, उभं राहून जुने बॉल पलीकडच्या कुंपणाच्या जाळीवर फेकायचे. पहिल्या दिवशी माझे बॉल नेटच्या जरा पुढे पडत होते. शेजारच्या कोर्टवरची दहा वर्षांची पोरं जाळी हलवत होती. घरी नवऱ्याच्या लांब मोज्यात दोन बॉल घालून, गाठ मारून तो मोजा डोक्यामागून गोफणीसारखा फिरवायचे. हात कुठे अडला की मोजा पाठीवर आपटतो, म्हणजे चूक लगेच कळते. दिवाणखान्यात करू नका. ट्यूबलाइट गेली आमची.

चौथ्या आठवड्यात रॅकेट हातात घेतली तेव्हा ती हलकी वाटली. आता जाळीपर्यंत फेकते, आणि मिक्स्ड डबल्सला माझ्या सर्व्हिसवर समोरचे पुरुष पुढे येऊन उभे राहायचे ते मागे सरकलेत. एवढं पुरे मला.

(नेरूळ, वय ३८)

*

इंजिनिअर आहे, त्यामुळे आकडे लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

नेट मधोमध ०.९१४ मीटर उंच. बेसलाइनपासून नेट ११.८८ मीटर आणि पलीकडची सर्व्हिस लाइन (सर्व्हिसचा बॉल जिच्या अलीकडे पडायला हवा ती रेषा) १८.२९ मीटर. बॉल आणि सर्व्हिस लाइन यांच्यामध्ये सरळ दोरी ताणली आणि ती नेटला घासून जायला हवी असेल, तर बॉल किमान २.६१ मीटरवर लागला पाहिजे. माझी उंची १६५ सेंटिमीटर. हात आणि रॅकेट ताणून, टाचा उचलून, मी २.५० च्या आत-बाहेर. म्हणजे सरळ रेषेत खाली ठोकलेला बॉल माझ्याकडून आत पडूच शकत नाही. आणि मी सहा वर्षं नेमकं तेच करत होतो! 'वरून खाली हाणायचं' हे डोक्यात पक्कं बसलेलं.

आता मी बॉल किंचित वरच्या दिशेला मारतो आणि खाली आणायचं काम गुरुत्वाकर्षणावर आणि टॉपस्पिनवर (बॉलला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) सोडतो. नेटमध्ये जाणारे बॉल निम्म्यावर आले.

वेग मोजायला रडार गन लागत नाही. फोन ट्रायपॉडवर कोर्टच्या बाजूला ठेवा, सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन लावा. बॉल लागल्यापासून टप्पा पडेपर्यंतच्या फ्रेम मोजा. माझ्या सुरुवातीला १७० आल्या. अंतर १८ मीटर धरलं तर ०.७१ सेकंद, म्हणजे ताशी साधारण ९१ किमी. चार महिन्यांनी १५०, म्हणजे १०४. हा सरासरी वेग. टीव्हीवर दाखवतात तो रॅकेटमधून सुटतानाचा, तो नेहमी जास्तच असतो. अमेरिकेच्या जॉन इस्नरने २०१६ मध्ये डेव्हिस कपला ताशी २५३ किमीची मारली होती, पण तो २०८ सेंटिमीटर. त्याच्या डोक्यावर मडकं ठेवलं तरी ते माझ्या हाताच्या वर राहील.

(ऐरोली, वय ४९)

*

दोरीचा हिशोब वाचून आत्ता मोजपट्टी काढली. २.४२. आईशप्पथ.

(कळवा, वय ३५)

*

रॅकेट बदलून बघितली, चौदा हजार गेले. गटिंग (रॅकेटच्या तारांचा ताण) ५८ पौंडांवरून ५२ वर आणलं, थोडा फरक पडला. खरा फरक टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर टाकणं, बदलल्यावर पडला. माझा टॉस डोक्याच्या मागे जायचा, मग कंबर वाकडी करून कसाबसा बॉल गाठायचा. आता तळव्याऐवजी बोटांवर बॉल धरतो आणि हात सरळ ठेवून, लिफ्टने वर जावा तसा सोडतो. कोर्टच्या आत फूटभर रॅकेट आडवी ठेवायची, बॉल न मारता खाली पडू द्यायचा, रॅकेटवर पडला तर टॉस बरोबर.

अवांतर: आमचं कोर्ट बिल्डरने पूर्व-पश्चिम बांधलंय. कोर्ट उत्तर-दक्षिण असावं हे नकाशा काढताना कुणालाच कसं सुचलं नाही? सकाळी साडेसातनंतर एका बाजूने टॉस वर टाकला की थेट सूर्यदर्शन. नमस्कारच करायचा बाकी असतो.

(खारघर, वय ४२)

*

सगळे वेगावर बोलताहेत म्हणून दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपमधल्या एकाने रोहन बोपण्णाचं उदाहरण दिलं. ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकला, आपण का नाही? मी पेटलो. रोज शंभर-सव्वाशे सर्व्हिस, वॉर्म-अप म्हणजे दोनदा हात गोल फिरवणे. पाचव्या आठवड्यात वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढता येईना. शर्ट घालायला बायकोची मदत. खांद्याच्या आतल्या स्नायूंना सूज. तीन महिने टेनिस बंद, फिजिओकडे रबरी पट्टा ओढत बसलो.

फिजिओने एक प्रश्न विचारला तो अजून लक्षात आहे : "काका, गुडघे वाकवता का?" नाही वाकवत. पायांचं सगळं काम मी खांद्याकडून करून घेत होतो. आता आधी दहा मिनिटं पट्टा, मग सर्व्हिस लाइनवरून हळू दहा बॉल, मग मागे मागे सरकत बेसलाइन. एकूण चाळीस, एक्केचाळिसावा नाही. वेग होता तेवढाच आहे. डबा काढता येतो.

(वाशी, वय ५७)

*

वाशीच्या काकांना +१, आणि मी तर अजून तरुण आहे.

माझी पहिली सर्व्हिस ग्रुपमध्ये सगळ्यात फास्ट. दहातली तीन आत. दुसरी, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळते ती, भीतभीत टाकलेलं दान. गेल्या वर्षी सोसायटीच्या स्पर्धेत ५-४, ४०-१५ वरून लागोपाठ चार डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट समोरच्याला) केले, आणि पुढचे दोन गेमही गेले. पार्टनर माझा सख्खा मेहुणा. दिवाळीपर्यंत विषय निघत होता.

त्यानंतर चार महिने फक्त दुसरी सर्व्हिस. बॉल ठोकायचा नाही, खालून वर आणि बाजूला घासायचा, केसांतून कंगवा फिरवावा तसा. लोकांना वाटतं दुसरी म्हणजे हात सावकाश आणायचा. उलट आहे. हात जोरातच, नाहीतर स्पिन लागत नाही आणि बॉल खाली येत नाही. हे अंगात भिनायला मला सगळ्यात वेळ लागला, कारण घाबरलं की हात आपोआप आखडतो. गंमत म्हणजे दुसरी भरवशाची झाल्यावर पहिलीसुद्धा दहातली पाच आत यायला लागली. ती मी बदललीच नव्हती.

(कासारवडवली, वय ३१)

*

धागाकर्ता पुन्हा. सगळ्यांचे आभार. नेरूळच्या ताई, मोजा करून बघितला, पाठीवर तीन वळ आहेत.

ऐरोलीकर, तुमच्या पद्धतीने मोजलं : १८४ फ्रेम. काकांना सांगितलेलं नाही.

गेल्या शनिवारपासून पाऊस धरलाय, कोर्टवर शेवाळ आणि बॉल भिजून लिंबासारखे जड. त्यामुळे सध्या पार्किंगमध्ये फक्त टॉस चालू आहे, खाली रॅकेट आडवी ठेवून. काल वीसपैकी अकरा रॅकेटवर पडले. एक तिसऱ्या रांगेतल्या गाडीखाली गेला, तो वॉचमनने काठीने काढून दिला आणि विचारलं, "साहेब, मारणार कधी?"